थर बसला

हेमंत बोरकुटे यांना भाषण करता येत नसे. एकट्या माणसाशी ते बरं बोलत, दोघांशी जेमतेम. समोर माणसांचा घोळका जमला की त्यांच्या वाक्याचा कर्ता एका दिशेला आणि क्रियापद दुसऱ्या दिशेला निघून जाई. तरीही त्या सोमवारी ते शेडमधल्या लाकडी खोक्यावर उभे राहिले. उभं राहण्यावाचून इलाज नव्हता.

नागपूरच्या बाहेर, जुन्या औद्योगिक वसाहतीत तो कारखाना होता. जुन्या मापाची रोहित्रं, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, तिथे हातांनी बनत. नव्या मापाची रोहित्रं आता सगळीकडे यंत्रांचेच हात गुंडाळत, त्यांना माणूस लागत नसे. पण तालुक्यातालुक्यात जुनी उपकेंद्रं अजून उभी होती. त्यांच्या ओट्यांवर नव्या मापाचं रोहित्र बसत नसे आणि एका नगासाठी यंत्रांना नवं माप शिकवणं कुणाला परवडत नसे. म्हणून बोरकुट्यांच्या हाताखालची ही माणसं टिकून होती. तांब्याची पट्टी, कागद आणि स्वतःची बोटं एवढंच त्यांचं भांडवल.

वडसावळीचं रोहित्र भर उन्हाळ्यात जळालं होतं. तिथल्या इस्पितळात ऊन लागलेल्या माणसांसाठी शीतकक्ष होता. तो आता एका म्हाताऱ्या जनरेटरवर कण्हत चालला होता. एरवी दीड महिन्याला होणारं काम पंधरवड्यात करून द्यायचं होतं. त्यातला पहिला आठवडा सरला होता आणि येत्या शनिवारी सकाळी ट्रेलर दारात उभा राहणार होता. माणसं आधीच्या दोन कामांनी पिळून निघालेली होती आणि पत्र्याच्या शेडमधले कूलर नुसतीच गरम हवा फिरवत होते.

"मंडळी," बोरकुटे म्हणाले, "वडसावळीचे नागरिक... म्हणजे त्यांच्या दृष्टीनं पाहिलं तर आपण... किंबहुना आपणच..."

"साहेब, खोका जुना हाय," मागून इरफान शेख म्हणाला. "जे सांगाचं ते उतरून सांगा. एक पेशंट इथं नको वाढायला."

सगळे हसले. बोरकुटेही हसले, पण त्यांचे कान लाल झाले. वच्छलाबाई गेडाम पदरानं मान पुसत पुढे आल्या. कॉइल गुंडाळणाऱ्यांत त्या सर्वांत जुन्या.

"आमाले समजते जी, काम करा लागते. तुमी उतरा. चहा थंडा होऊन रायला तुमचा."

बोरकुटे उतरले. खिशातला भाषणाचा कागद त्यांनी तिथेच घडी करून आणखी खोल ढकलला.

या शेडमध्ये एक रीत होती. कॉइल गुंडाळताना तांब्याचा एक थर पूर्ण झाला की त्यावर कागद चढतो आणि मग पुढचा थर. त्या कागदाला चुणी पडली, कुठे टोक उचललं गेलं, की रोहित्र पुढे कधीतरी तिथूनच फुटायचं. म्हणून कागद चढला की गुंडाळणारी व्यक्ती पायाखालची कळ सोडून मोठ्यानं हाक देई, "थर!" मग दुसऱ्या कुणीतरी येऊन कागदावरून तळहात फिरवायचा. सारं नीट असेल तर म्हणायचं, "बसला." तो शब्द ऐकल्याशिवाय कळीवर पाय पडत नसे. गुंडाळणाऱ्यानं स्वतःचा थर स्वतः तपासलेला चालत नसे, मग तो कितीही जाणता असो. ही रीत कुणी घातली ते ठाऊक नव्हतं. कुठे लिहून लावलेली नव्हती, पण मोडलेली कुणी पाहिली नव्हती.

वच्छलाबाईंचा दुसरा हात पुष्कळ वर्षं त्यांचा नवरा होता. सुखदेव गेडाम फारसा बोलत नसे. बायकोनं "थर!" म्हणायचं, त्यानं तळहात फिरवायचा आणि "बसला" म्हणायचं. दोघांचा संसार या दोन शब्दांवर चालतो, असं इरफान म्हणत असे. सुखदेव जाऊन आता तीन उन्हाळे झाले होते. तेव्हापासून वच्छलाबाईंच्या थरावर इरफानचा हात फिरे आणि इरफानचं "बसला" नेहमी खर्रा चघळत येई.

*

दुसऱ्या दिवशी मुख्य कार्यालयातून तेजस्विनी रानडे आली. सोबत एक चपटी पेटी. पेटीत हरभऱ्याएवढ्या पिवळसर गोळ्या होत्या.

"याला आम्ही 'साद' म्हणतो," ती बोरकुट्यांना म्हणाली. वयानं ती त्यांच्या मुलीएवढी होती आणि तिचे डोळे झोप न मिळाल्यासारखे दिसत होते. "ही कानात बसते. तुम्ही कॉलरला हा माइक लावायचा आणि तुमच्या केबिनमधून बोलायचं. बस्स."

"बोलायचं? मी?" बोरकुटे म्हणाले.

"तुम्ही कसं बोलता याचा काही संबंध नाही, सर. तीच तर गंमत आहे."

तिनं समजावून सांगितलं. बोरकुट्यांना पुस्तकांचा नाद होता, त्यामुळे त्यांना ते पटकन कळलं. थकवा स्नायूंत असतो असं आपण समजतो, पण तो बराचसा मेंदूचा अंदाज असतो. शरीरात किती शिल्लक आहे, समोरचं काम किती मोलाचं आहे, याचा ताळमेळ मेंदू सतत घालत असतो. शिल्लक खरी संपण्याच्या पुष्कळ आधी तो माणसाला जड वाटायला लावतो. त्याच पायांनी घरी चालत जाताना माणूस दमतो आणि रडणाऱ्या लेकराकडे धावताना दमत नाही, ते यामुळे. हा अंदाज ज्या गोष्टींनी सैल होतो त्यांत सर्वांत जलद कोणती, तर जवळच्या माणसाचा आवाज. शब्दाचा अर्थ पोचायच्या आधी आवाज पोचतो आणि नाडी बदलते.

"म्हणजे तुम्ही यांच्या घरच्या माणसांचे आवाज मिळवलेत?" बोरकुट्यांनी विचारलं.

"नाही. कुणाचंही रेकॉर्डिंग नाही. ते नैतिक झालं नसतं." ती घाईनं म्हणाली. "ही गोळी कानातली नाडी मोजते, त्वचेचं तापमान, श्वास. तुमचं वाक्य ती प्रत्येकाच्या कानात किंचित वेगळ्या आवाजात पाठवते. शरीर थोडं खुललं की त्या बाजूला आणखी थोडी सरकते, नाही खुललं की मागे येते. आंधळा माणूस भिंत चाचपत दार शोधतो ना, तसं. दोनेक दिवसांत ती एका आवाजाशी येऊन थांबते. तो कुणाचा, हे यंत्राला कळत नाही. आम्हालाही नाही."

बोरकुटे बराच वेळ गोळीकडे पाहत राहिले. आपल्या तोंडून निघालेलं वाक्य कुणाच्या तरी काळजाला जाऊन भिडेल, हे त्यांनी आयुष्यात कल्पिलंही नव्हतं. मोह झाला, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं.

"हा फुटाणा कानात घालाचा का तोंडात?" इरफाननं गोळी बोटांत फिरवत विचारलं.

"कानात. गिळू नका," तेजस्विनी म्हणाली.

"गिळला तर पोटात साहेबाचं भाषण होईन काय?"

त्या दिवसापासून शेडमध्ये त्या गोळीला फुटाणा हेच नाव पडलं.

*

पहिल्या दिवशी काही झालं नाही. बोरकुटे काचेच्या केबिनमधून चाचरत बोलत होते, "कृपया वेग राखावा," "छान चाललं आहे," असलं काहीबाही. खाली माणसं कान खाजवत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना फरक दिसला. ते "अजून थोडं" म्हणाले आणि खाली वाकलेल्या पाठी एकदम सरळ झाल्या. कुणी वर पाहिलं नाही. प्रत्येक जण आपल्याशीच हसल्यासारखा दिसत होता.

काम पळू लागलं. कामाची पाळी संपली तरी कुणी उठेना. बोरकुट्यांना आपल्या जिभेवरून कुणीतरी हात फिरवल्यासारखं वाटू लागलं. ते आता अडखळत नव्हते. उलट, बोलायला नवी वाक्यं सुचत होती.

फक्त शेड शांत झाली होती. जेवणाच्या सुट्टीत पूर्वी कुणाच्या ठेच्यात मीठ जास्त झालं यावरून भांडणं होत. आता डबे उघडून माणसं समोरासमोर बसत आणि कानातल्या आवाजाची वाट बघत गप्प जेवत. इरफाननं दोन दिवसांत कुणाची टिंगल केली नव्हती.

"तुला कुणाचा आवाज ऐकू येतो रे?" बोरकुट्यांनी त्याला एकदा पाण्याच्या माठाशी गाठून विचारलं.

इरफान आधी लाजला. मग म्हणाला, "माझी लहानी पोट्टी, साहेब. साडेचार वर्षांची. तुमचं ते 'कृपया वेग राखावा' तिच्या बोबड्या तोंडातून येते. सांगा बरं, मी कसा थांबू?"

वच्छलाबाईंना विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. त्यांनीच ते सांगितलं. गुरुवारी सकाळी त्या केबिनच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत.

"साहेब, एक सांगाचं होतं. शब्द तुमचे हायत, हे मले समजते. मी काही येडी नाई."

"नाही, नाही. तसं कोण म्हणतं?"

"पन आवाज त्याचा हाय." त्यांनी कानाला हात लावला. "हुबेहूब नाई. सर्दी झाल्यावर त्याचा लागे ना, तसा. पन त्याचाच." मग त्यांनी विचारलं, "काम झाल्यावर हे फुटाणे वापस घेतीन का ती पोरगी?"

"घ्यावे लागतील, वच्छलाताई."

"मंग काम लौकर नोका संपवू," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या बोलण्यावर हसून निघून गेल्या. वडसावळी आठवली असावी, कारण जिन्यावरून त्यांची पावलं झपझप वाजली.

बोरकुटे खुर्चीत बसले. त्या दिवशी त्यांनी माइकमध्ये बोललेला प्रत्येक शब्द आधी मनात उलटून पाहिला. आपण एका मेलेल्या माणसाच्या तोंडी काय घालतो आहोत, हा विचार जाईना. सुखदेव "कृपया" म्हणाला असता का? "वेग राखावा" म्हणाला असता? त्यांनी सुखदेवला वर्षानुवर्षं पाहिलं होतं आणि त्याच्या तोंडचा एकच शब्द त्यांना आठवत होता.

*

शुक्रवारी दुपारी इरफान आणि वच्छलाबाई दोघंही केबिनमध्ये आले. इरफानच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"साहेब, सकाळी मी बाहेर क्रेनवर होतो," तो म्हणाला. "तवा ताईनं एक थर बंद केला. वापस आलो, मले वाटलं माझ्या जागी दुसऱ्यानं हात फिरवला असन. आता ताईले सहज पुसलं, तं..."

"हात कोणाचा नाई फिरला," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता. "मी 'थर' म्हटलं. कानात 'बसला' आलं. मी कळ दाबली."

"पण 'बसला' म्हणालं कोण?" तेजस्विनीनं विचारलं. ती कोपऱ्यात नाड्यांचे आलेख पाहत बसली होती.

बोरकुट्यांचा हात आपोआप कॉलरवरच्या माइककडे गेला. चार दिवस सतत बोलून त्यांचा आवाज पार गेला होता. सकाळी तेजस्विनीनं गरम पाणी पुढे केलं तेव्हा ते म्हणाले होते, "राहू दे. घसा पार बसला." माइक चालूच होता.

खाली यंत्रांच्या घरघरीत त्यातला शेवटचा शब्द तेवढा वच्छलाबाईंपर्यंत पोचला होता. आणि यंत्रानं आपलं काम चोख केलं होतं. घशातली खरखर काढून टाकून, त्यांना हव्या त्या आवाजात.

"बाकीच्यांनीबी ऐकलं," इरफान म्हणाला. "पन त्यांचा थर तवा मधातच होता. ताईचा तेवढा पुरा झाला होता."

"मी पाहाले पायजे होतं, कोन हाय बाजूला," वच्छलाबाई म्हणाल्या. "नाई पाहिलं. तीन सालांनी तो शब्द त्याच्या तोंडून ऐकला जी. मान वळवली असती तं तो तिथं नसता ना."

त्या थरावर आता पुष्कळ थर चढले होते. तो उघडायचा तर तेवढं सारं उलगडायचं, कागद नवा घ्यायचा, पुन्हा गुंडाळायचं. शनिवार हातचा जाणार होता, त्याच्या पुढचेही एक-दोन दिवस.

"पण शेवटी चाचणी होतेच ना?" तेजस्विनी म्हणाली. "दोष असेल तर दिसेल."

"आज फुटणारा दोष दिसतो," बोरकुटे म्हणाले. "कागदाची चुणी आज फुटत नाही. तापून, निवून, तापून, महिन्या-दोन महिन्यांनी फुटते. तेव्हा पुन्हा तेच इस्पितळ अंधारात जाईल."

"चुणी असेलच असं नाही."

"नाही. असेलच असं नाही."

तेजस्विनी उठून त्यांच्या जवळ आली. आवाज खाली करून म्हणाली, "सर, मग दोन्ही करता येतील. सादवर सांगा. थर उघडा, पुन्हा भरा, न थांबता, उद्या सकाळच्या आत. ते करतील. आलेख बघा, त्यांची तयारी अजून उतरलेली नाही. त्यांना जडसुद्धा जाणार नाही."

ती खोटं बोलत नव्हती. वच्छलाबाईंनी ते ऐकलं आणि त्यांचे डोळे उजळले. "करतो ना आमी. सांगा तुमी. तुमी नुसतं सांगा."

बोलताना त्यांचे हात पुढे आले होते. बोरकुट्यांनी ते हात पाहिले. तांब्याच्या कडांनी आणि कागदानं दोन्ही अंगठ्यांची आणि तर्जन्यांची टोकं फाटली होती. फटींत रक्त सुकलं होतं, एका ठिकाणी ओलंही होतं. लुगड्याच्या काठाला डाग पडले होते.

"ताई, हे कधी झालं?"

वच्छलाबाईंनी स्वतःचे हात उलटे करून पाहिले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. "मायबाई," त्या म्हणाल्या. "समजलंच नाई."

बोरकुट्यांना जे वाटलं ते त्यांना नीट मांडता आलं नसतं. थकवा हाही एक हात असतो, आतून आपल्यावरून फिरणारा. काही दुखलं, काही उचललं गेलं, की तो थांबवतो. आपण या माणसांचा तोही हात काढून घेतला, असं काहीसं ते होतं. आणि लगेच दुसरा विचार आला, की वडसावळीच्या शीतकक्षात पडलेल्या माणसाला हे शहाणपण ऐकवता येईल का?

दोघांना खाली पाठवून त्यांनी स्वतःच संचालकांना फोन लावला. तो लांबला नाही.

"बोरकुटे, चुणी आहे हे कुणी पाहिलंय का?"

"नाही, सर."

"मग एका शंकेसाठी इस्पितळ आणखी दोन दिवस अंधारात ठेवायचं? जबाबदारी तुम्ही घेता?"

बोरकुट्यांना वाटलं, या वेळी कुणीतरी आपल्याही कानात आपल्या माणसाच्या आवाजात काहीतरी सांगावं. कुणी सांगितलं नाही.

"घेतो," ते म्हणाले.

*

फोन ठेवून त्यांनी काचेतून खाली पाहिलं. माणसं वाकलेली होती आणि हसत होती. त्यांनी माइक तोंडाजवळ धरला. सुखदेवनं या वेळी काय म्हटलं असतं याचा विचार त्यांनी केला, मग सोडून दिला.

"पुरे," ते म्हणाले. "सगळे घरी जा. जेवा, झोपा. उद्या सकाळी थर उघडू." थोडं थांबून म्हणाले, "फुटाणे पेटीत टाकून जा."

खाली यंत्रं एकामागून एक थांबली. माणसं जागची हलली नाहीत. मग कुणीतरी कानातून गोळी काढली आणि तिथेच खाली बसलं. एकेकानं गोळी काढली तसा पंधरवड्याचा थकवा त्यांच्यावर कोसळला. इरफान भिंतीला टेकून उभ्याउभ्या डुलत होता. एक तरणाताठा माणूस गुडघ्यात डोकं घालून रडू लागला आणि आपण का रडतो ते त्याला सांगता येईना.

बोरकुटे खाली उतरून आले. वच्छलाबाई शेवटी आल्या. पेटीपाशी थांबल्या.

"तुमी बोलले ते मी त्याच्या आवाजात ऐकलं," त्या म्हणाल्या. "पुरे म्हने. घरी जा म्हने." त्यांनी मान हलवली. "तो असं कधीच नसता बोलला, साहेब. चाल, आताच उघडू, असंच म्हटलं असतं त्यानं. कामाची लय खाज होती त्याले."

"माफ करा, वच्छलाताई."

"माफ काहाचं? बरं वाटलं." त्यांनी गोळी काढायला बोट वर नेलं आणि ते तसंच राहिलं. "एकदा काही बोला ना जी. शेवटचं."

बोरकुट्यांनी माइक कॉलरवरून काढला होता. तो त्यांच्या मुठीत होता. काय बोलावं? त्यांनी आयुष्यभर पुस्तकं वाचली होती आणि त्या क्षणी त्यांच्यापाशी एक वाक्य नव्हतं.

"वच्छला," ते माइकमध्ये म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी वच्छलाबाईंना नुसत्या नावानं कधी हाक मारली नव्हती.

वच्छलाबाईंनी डोळे मिटले. मग गोळी काढून पेटीत टाकली, पदर सारखा केला आणि मागे न पाहता फाटकाकडे चालू लागल्या. तेजस्विनीनं पेटी बंद केली. मग ती म्हणाली, "सर, या गोळीनं माझ्याही कानात एक आवाज शोधला होता. मी ते कुणाला सांगितलं नाही." तो कुणाचा, ते बोरकुट्यांनी विचारलं नाही.

*

थर शनिवारी उघडला. उलगडायला वच्छलाबाई, शेजारी इरफान, बाकीचे भोवती. बोटांना चिकटपट्ट्या बांधलेल्या. शेवटचं वेटोळं निघालं आणि कागद दिसला. पिवळट, ताणलेला, रुबाबात बसलेला. इरफाननं तळहात फिरवला, पुन्हा उलट्या बाजूनं फिरवला. एक चुणी नव्हती. एक कड उचललेली नव्हती.

बोरकुट्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"पाहा," वच्छलाबाई हळूच म्हणाल्या. "तो काही खोटं नव्हता बोलला."

रोहित्र वडसावळीला दोन दिवस उशिरा पोचलं. मधल्या काळात जनरेटर बंद पडला होता. शीतकक्षातले रुग्ण गाडीनं नागपूरला हलवावे लागले. त्यांतले एक, दौलतराव निखाडे नावाचे निवृत्त शिक्षक, वाटेत गेले. बातमीत लिहिलं होतं की त्यांची प्रकृती आधीपासूनच नाजूक होती. बोरकुट्यांनी ती बातमी अनेकदा वाचली आणि त्या ओळीचा आधार घेऊन पाहिला. त्यानं त्यांना पेललं नाही. शेडमध्ये त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी कुणी मोठ्यानं बोललं नाही, त्यावरून सगळ्यांनी वाचलं असावं.

साद पुढे पुष्कळ ठिकाणी गेली. शेजारच्या बॅटरीच्या कारखान्यात तर लोक ती घरीही काढत नसत, असं ऐकू येई. तिथली कामं वेळेच्या आधी होत. बोरकुट्यांच्या शेडला सादबद्दल पुन्हा विचारलं गेलं नाही. नवी कामं कमी येऊ लागली होती, आणि आली की सावकाश होत.

पावसाळा सरत आला तेव्हा एक लहान रोहित्र दुरुस्तीला आलं. त्या दुपारी बोरकुटे केबिनमधून खाली उतरून वच्छलाबाईंच्या यंत्रापाशी गेले. असे ते हल्ली जात. मग त्यांनी मनातलं विचारलं. विचारायला एवढे महिने लागले होते.

"वच्छलाताई, त्या वेळी मी चुकलो का हो?"

वच्छलाबाईंनी पट्टीवरची नजर हलवली नाही. "मले काय पुसता? थर उघडून पाहाच्या आधी कोन सांगू शकते जी?"

"पण उघडल्यावर? एक माणूस गेला."

त्या पट्टी दाबत राहिल्या. "गेला," त्या म्हणाल्या. "तो मास्तर मलेबी दिसते कधीमधी. तोंड नाई पाहिलं त्याचं, तरी दिसते." यंत्र फिरत होतं. "हात फिरवल्याबिगर मी ते पुढं धाडलं असतं ना, साहेब, तं मले तिथले सारेच दिसले असते. जिते असून."

थर पुरा झाला. वच्छलाबाईंनी कागद चढवला, ताणला, कळ सोडली आणि नेहमीसारखी हाक दिली, "थर!"

इरफान क्रेनवर होता. त्यानं वरून पाहिलं आणि उतरायला लागला, पण उतरता उतरता थांबला. बोरकुटे पुढे झाले होते.

त्यांनी बाह्या सारल्या. त्यांचा तळहात मऊ होता, पुस्तकांची पानं उलटणारा. तो त्यांनी कागदावर टेकवला. कागद कोमट होता. खाली तांब्याच्या कडा एकेक करून बोटांना लागत गेल्या. ते सावकाश गेले, शेवटपर्यंत. मग खात्री वाटेना म्हणून परत आले. पुन्हा गेले. वच्छलाबाई कळीपासून पाय दूर ठेवून थांबल्या होत्या.

"साहेब, थर पाहाचा हाय," वरून इरफान ओरडला, "त्याची कुंडली नाई!"

कुणीतरी हसलं. बोरकुट्यांचे कान लाल झाले, पण हात थांबला नाही. आणखी एकदा तो कडेकडेनं फिरला. मग त्यांनी हात उचलला आणि घसा साफ केला.

"बसला," ते म्हणाले.

आवाज बारीक आला, थोडा चिरकाही. पण तो शेडभर ऐकू गेला. वच्छलाबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि मग कळीवर पाय ठेवला.